भातगिरणी व वखारीत आग लागली असता माणसे बाहेर काढण्याची योजना

दसऱ्याच्या सुमारास हळव्या भाताची कापणी सुरू होते आणि दिवाळीच्या मागेपुढे गरव्या जाती हाताशी येतात. तेव्हापासून मृगाचा पाऊस पडेपर्यंत कर्जत व खालापूर तालुक्यांतील गावे वाळलेल्या मालाने वेढलेली असतात. खळ्यावर भाताच्या उडव्या, घराशेजारी पेंढ्याच्या गंजी, गिरणीमागे तुसाचा ढीग, वखारीत गवताचे भारे व रिकामी पोती असा हा सारा माल ठिणगीची वाट पाहत असल्यासारखा असतो. भिवपुरीच्या वीजगृहातून बाहेर पडणारे पाणी राजनाला कालव्याने ज्या गावांस मिळते, तेथे उन्हाळी भातही होते. त्याची मळणी ऐन कडक उन्हात येत असल्यामुळे अशा गावांत जोखमीचा काळ अधिकच लांबतो. त्यातच फाल्गुन-चैत्रापासून राब भाजणी चालू होते. (नेरळच्या सगुणा बागेत विकसित झालेल्या भातपद्धतीत राब भाजण्याचे कारणच उरत नाही, परंतु तो विषय निराळा आहे.)

आग लागू नये म्हणून घ्यावयाची काळजी शेतकऱ्यास पुष्कळ वेळा सांगितली जाते, आणि ती सांगणे योग्यच आहे. परंतु आग लागल्यावर पहिल्या पाच मिनिटांत गिरणीतील, वखारीतील व खळ्यावरील माणसांनी काय करावयाचे, याचा विचार आगीपूर्वी झालेला क्वचितच आढळतो. बहुतेक ठिकाणी एखादी वाळूची बादली टांगलेली दिसते, क्वचित लाल रंगाचे अग्निशामक नळकांडेही दिसते, आणि तेवढ्यावर मालकाचे समाधान होते. ही साधने आग विझविण्याची होत. माणसे वाचविण्याची योजना ही त्याहून वेगळी गोष्ट असून तिला खर्च फारच थोडा येतो. तीत प्रामुख्याने तीन गोष्टी लागतात : उघडी वाट, ठरलेली जागा आणि डोक्यांची मोजणी.

मदत केव्हा पोहोचते

अग्निशमन बंब बहुधा खोपोली, कर्जत अशा शहरांतून यावयाचा असतो. कडाव, कशेळे, वावोशी किंवा चौकच्या आतील वाड्यांपर्यंत त्यास येण्यास लागणारा वेळ आणि सुक्या पेंढ्याने भरलेली पडवी जळण्यास लागणारा वेळ यांची तुलनाच होऊ शकत नाही. पेंढा पेटला म्हणजे काही मिनिटांतच छपराला आग लागते. तेव्हा बंब हा शेजारची घरे वाचविण्यास उपयोगी पडेल. आत सापडलेल्या माणसास वाचविणे हे आतल्या व जवळच्या माणसांचेच काम आहे.

खालापूर तालुक्यात याची फार दुःखद जाणीव १९ जुलै २०२३ च्या रात्री झाली. इर्शाळगडाच्या पायथ्याच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. सत्तावीस मृतदेह हाती लागले, सत्तावन्न माणसे बेपत्ताच राहिली, आणि चार दिवसांनी शोधकार्य थांबवावे लागले. ती आग नव्हती हे खरे. परंतु त्या रात्री जे दिसले ते आगीसही लागू पडते. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता, यंत्रे वर नेता येत नव्हती, मदतीस येणाऱ्यांना पावसात व अंधारात डोंगर चढावा लागला, आणि नवी मुंबईच्या अग्निशमन दलातील एका अधिकाऱ्याचा त्या चढणीतच मृत्यू झाला. बाहेरची मदत कितीही तत्पर असली तरी ती अंतर तोडूनच यावयाची. पहिला तास हा जेथल्या तेथे असलेल्या माणसांचा असतो, आणि आगीत तर तासाऐवजी मिनिटेच धरावी लागतात.

कुलूप लावलेले दार

वखारीत आग लागून माणसे मेल्याच्या घटना पाहिल्या, तर ज्वाळेपेक्षा बंद दाराने अधिक घात केल्याचे पुन्हा पुन्हा आढळते. अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरात २५ मार्च १९११ रोजी ट्रायँगल नावाच्या कपड्याच्या कारखान्यात १४६ कामगार मृत्युमुखी पडले. त्यांत बहुतेक तरुण मुली होत्या. नवव्या मजल्यावरील एक दार कुलूपबंद होते. शेतमालाशी अधिक जवळचे उदाहरण त्याच देशातील हॅम्लेट या लहान गावचे आहे. तेथे कोंबडीचे मांस तळून बांधण्याचा कारखाना होता. ३ सप्टेंबर १९९१ रोजी सकाळी कढईजवळ यंत्राची तेलवाहिनी तुटली, तेलाचा फवारा जळत्या शेगडीवर गेला आणि काही क्षणांत दाट धूर सर्वत्र पसरला. पंचवीस माणसे मेली. बाहेर जाण्याची दारे बाहेरून बंद होती. कामगार कोंबड्या चोरतात असा मालकाचा संशय होता. मालकाने पुढे न्यायालयात सदोष मनुष्यवधाचा गुन्हा कबूल केला आणि त्यास तुरुंगवास झाला.

हे उदाहरण येथे मुद्दाम दिले आहे. कारण आपल्याकडील गिरणीमालक वा वखारदारही मागचे दार याच कारणासाठी बंद ठेवतो. तांदळाचे पोते मागच्या मागे जाईल ही भीती खोटी म्हणता येणार नाही. तथापि एका पोत्याची किंमत आणि त्या दारापर्यंत येऊन परत फिरलेल्या माणसाची किंमत या दोहोंत तुलना करण्यासारखे काही नाही. चोरीचा बंदोबस्त दुसऱ्या मार्गाने करता येतो. दारास आतून केवळ अडसर ठेवावा, तो कोणासही एका हाताने उचलता यावा, आणि दार उघडताच वाजेल अशी घंटा त्यास बांधावी. कामाच्या वेळात बाहेरून कुलूप मात्र कधीही असू नये. रात्री गिरणीत हमाल झोपत असतील, तर रात्रीही असू नये. हा शेवटचा मुद्दा फार वेळा दुर्लक्षिला जातो. मालक संध्याकाळी शटर ओढून बाहेरून कुलूप लावून घरी जातो व किल्ली त्याच्या कमरेला असते; आत परगावचे दोन-तीन हमाल पोत्यांवर झोपलेले असतात. अशी व्यवस्था ज्या वखारीत असेल, तेथे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने इतर सर्व सूचना बाजूस ठेवून प्रथम एवढीच गोष्ट बदलून घ्यावी.

दार बाहेरच्या बाजूस उघडणारे असावे. आत उघडणाऱ्या दारावर दहा माणसे एकदम येऊन पडली, तर ते कोणासच उघडता येत नाही. सरकते किंवा गुंडाळणारे शटर असल्यास त्यात माणूस जाण्याजोगे लहान दार बसवून घ्यावे, किंवा काम चालू असेपर्यंत शटर पूर्ण वर ठेवावे. विजेवर चालणारे शटर वीज जाताच अडकते, हे लक्षात असावे.

दार उघडे असूनही वाट बंद असू शकते. हंगामाच्या भरात पोत्यांची थप्पी वाढत वाढत मागच्या दारापर्यंत येते. "दोन दिवसांत माल उचलणार आहे" असे उत्तर मिळते, आणि तो माल महिनाभर तेथेच असतो. यास उपाय म्हणून जमिनीवर चुन्याने किंवा पांढऱ्या रंगाने दोन रेघा ओढाव्यात. त्यांमधील अंतर पाठीवर पोते घेतलेला माणूस सहज जाईल एवढे, म्हणजे निदान चार फूट असावे. त्या रेघांच्या आत पोते, तराजू, मोटारसायकल, झाडू यांपैकी काहीही ठेवता कामा नये. रेघ डोळ्यांना दिसत असल्यामुळे ती मोडणाऱ्यास मुकादम लगेच टोकू शकतो. नुसत्या तोंडी सूचनेने हे साधत नाही.

धूर

बहुतेकांची समजूत अशी असते की, आगीत माणूस भाजून मरतो. प्रत्यक्षात तो पुष्कळदा धुराने आधी बेशुद्ध पडतो. मुंबईतील कमला मिलच्या आवारात २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर उपाहारगृहास आग लागून चौदा जण मृत्यू पावले. त्यांपैकी बरेच जण बाहेरची वाट न सापडल्यामुळे स्वच्छतागृहात शिरले होते आणि तेथेच गुदमरले. तूस व पेंढा तर धुमसत जळणारे पदार्थ आहेत. त्यांच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा वासरहित विषारी वायू असतो. तो श्वासातून रक्तात गेला की हातपाय गळतात, आणि बाहेर पडावे ही बुद्धीही उरत नाही.

धूर गरम असल्यामुळे तो आधी छपराशी साचतो व मग खाली उतरू लागतो. म्हणून धुरात सापडलेल्याने उभे न राहता गुडघ्यांवर व हातांवर रांगत भिंतीच्या कडेने दाराकडे जावे. तोंडावर ओले फडके धरल्यास काजळी अडते व खोकला कमी होतो. परंतु विषारी वायू त्याने अडत नाही, तेव्हा ओल्या फडक्याच्या भरवशावर कोणी आत राहू नये किंवा आत शिरू नये. गिरणीच्या माळ्यावर काम करणाऱ्यांची जोखीम सर्वांत मोठी असते, कारण धूर प्रथम त्यांच्यापर्यंत पोहोचतो. माळ्यास एकच शिडी असेल तर दुसऱ्या टोकास बाहेरच्या भिंतीवर दुसरी शिडी कायमची बांधून ठेवावी. अंगावरील कपड्यास आग लागल्यास पळू नये. जागच्या जागी जमिनीवर पडून लोळावे, आणि दुसऱ्याने त्यावर घोंगडी टाकावी. कृत्रिम धाग्याची साडी वितळून अंगास चिकटते. गिरणीत व भट्टीवर काम करणाऱ्या स्त्रियांनी सुती वस्त्र वापरणे म्हणूनच हिताचे आहे.

इशारा, जागा आणि मोजणी

योजना करताना मालक, मुकादम व एक-दोन जुने कामगार यांनी मिळून सर्व जागा एकदा पायी फिरून पाहावी. प्रत्येक ठिकाणी उभे राहून एकच प्रश्न विचारावा : येथून समोरचे दार बंद झाले तर कोठून जावयाचे? ज्या जागी या प्रश्नास उत्तर मिळत नाही, ती जागा धोक्याची समजावी. तेथे दुसरी वाट काढावी, आणि तसे करणे अगदीच अशक्य असेल तर तेथे माणूस बसवू नये.

इशाऱ्यासाठी रुळाचा तुकडा किंवा लोखंडी पट्टी दाराबाहेर टांगावी आणि तीवर मारण्याचा हातोडा तेथेच साखळीने बांधावा. गिरणीचा आवाज चालू असता ओरडणे ऐकू जात नाही. म्हणून पट्टी वाजविणाऱ्याबरोबरच दुसऱ्या एकाने मेन स्विच बंद करावा, म्हणजे यंत्र थांबते व सर्वांचे लक्ष वेधले जाते. या स्विचकडे जाण्याचा मार्ग आगीच्या संभाव्य जागेवरून जात नसावा. बेअरिंग तापणे, पट्टा घासणे व मोटार जळणे ही गिरणीतील आगीची नेहमीची कारणे आहेत, आणि स्विच नेमका मोटारीच्या मागे बसविलेला आढळतो. हा स्विच दाराजवळ आणण्यास वायरमनला अर्ध्या दिवसाचे काम आहे.

बाहेर पडलेल्या माणसांनी कोठे जमावयाचे हे आधी ठरलेले असले पाहिजे. ते न ठरल्यास काही पुढच्या अंगणात, काही मागच्या शेतात, काही रस्त्यावर उभे राहतात आणि आत कोण राहिले हे कोणासच कळत नाही. ही जागा इमारतीपासून दूर, विजेच्या तारांखाली नसलेली, गंजीपासून व तुसाच्या ढिगापासून अलग, आणि बंबाच्या वाटेत न येणारी असावी. वाऱ्याचाही विचार करावा. उन्हाळ्यात दुपारनंतर या भागात बहुधा पश्चिमेकडून वारा येतो. हिवाळ्यात पहाटे तो डोंगराकडून खाली वाहतो. तेव्हा एक जागा पश्चिमेस व दुसरी पूर्वेस अशा दोन जागा ठरवाव्यात आणि त्या वेळी ज्या बाजूने वारा येत असेल त्या बाजूस जमावे. तुसाच्या राखेचा जुना ढीग वरून थंड दिसला तरी आतून कित्येक दिवस निखाऱ्यासारखा असतो. पळताना त्यात पाय गेल्यास गुडघ्यापर्यंत भाजते.

आता मोजणी. सर्व योजनेत सर्वांत अधिक दुर्लक्षित आणि सर्वांत अधिक उपयुक्त असा हा भाग आहे. कामावर आलेल्या प्रत्येकाचे नाव हजेरीपटात सकाळीच लिहिले जावे, आणि तो हजेरीपट आतल्या गल्ल्यावर न ठेवता दाराबाहेरील पेटीत ठेवावा. कामगारांखेरीज भात भरडण्यास आलेले शेतकरी, त्यांच्याबरोबरची मुले, गाडीवान, ट्रकचा चालक हेही आत असतात. त्यांची नावे लिहिणे शक्य नसले तरी संख्या खडूने दाराजवळील पाटीवर लिहीत राहावी. आत गेला की एक वाढवावा, बाहेर आला की एक पुसावा. आगीच्या वेळी मुकादमाने पाटी व पट यांवरून डोकी मोजावीत. आकडा जुळला तर कोणीही आत जाण्याचे कारण नाही, आणि ते मोठ्याने सांगावे. जुळला नाही तर कोण कमी आहे व तो शेवटी कोठे दिसला, हे बंबाच्या माणसांस सांगता येते. मोजणी नसली म्हणजे "तो आत असेल" या नुसत्या शंकेने एखादा धाडसी तरुण धुरात शिरतो. ज्याच्यासाठी तो गेला तो माणूस पाणवठ्यावर असतो, आणि हा मात्र परत येत नाही.

पोते, पेटी आणि झोळीतील मूल

बाहेर आलेली माणसे पुन्हा आत का जातात, याचाही विचार केला पाहिजे. मालक गल्ल्यातील पैशासाठी व वहीसाठी जातो. शेतकरी वर्षाच्या भातासाठी जातो. हमाल आपल्या ट्रंकेसाठी जातो, कारण मुलीच्या लग्नासाठी साठविलेले पैसे तीत असतात. यांना मूर्ख म्हणून भागणार नाही. ज्याचे सर्वस्व आत आहे त्यास ते सोडण्यास सांगणे सोपे नाही. म्हणून त्याची तरतूद आधीच करावी. वह्या, पावत्या, सात-बाराचे उतारे, विम्याचे कागद हे गिरणीत ठेवूच नयेत. हमालांच्या पेट्या दाराजवळच्या पडवीत एका ओळीत असाव्यात. आणि मालकाने सर्व कामगारांसमक्ष, हंगामाच्या आरंभीच, स्पष्ट शब्दांत सांगावे की, आगीत माल टाकून बाहेर आलेल्या कोणाचीही मजुरी कापली जाणार नाही व कोणावरही ठपका येणार नाही. हे शब्द मालकाच्याच तोंडून निघाले पाहिजेत. कार्यकर्त्याने कितीही सांगितले तरी ज्याच्या हाती मजुरी आहे त्याचेच म्हणणे कामगार खरे मानतो.

झोळीतील मुलाचा प्रश्न याहून नाजूक आहे. खळ्यावर, वखारीत व वीटभट्टीवर कामास येणाऱ्या स्त्रिया तान्ह्या मुलास तुळईला किंवा झाडाला झोळी बांधून निजवितात. सावली व निवांतपणा पाहून ही झोळी बहुधा वखारीच्या आतल्या कोपऱ्यात किंवा गंजीच्या आडोशाला बांधलेली असते. आग लागताच आई कामाच्या जागेवरून तिकडेच धावणार, आणि तिला कोणी अडवू शकणार नाही, अडवूही नये. तेव्हा झोळीचीच जागा बदलणे हा एकच खरा उपाय आहे. पेंढ्यापासून दूर, जमण्याच्या जागेजवळ एक मांडव घालून सर्व झोळ्या तेथेच बांधाव्यात आणि एका वयस्क बाईस पूर्ण मजुरी देऊन मुलांवर लक्ष ठेवण्यास बसवावे. मालकास ही मजुरी वाया गेल्यासारखी वाटण्याचा संभव आहे. परंतु मुलाची काळजी नसलेली आई दिवसभरात किती अधिक काम करते, हे त्यास एका आठवड्यात दिसून येईल.

कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पेंढ्याच्या किंवा गवताच्या झोपड्यांत सहा महिने काढतात. तेथे कामाची जागा आणि राहण्याची जागा एकच असते, चूलही त्या झोपडीतच असते. अशा झोपड्या एकमेकींस चिकटून न बांधता मध्ये मोकळी जागा सोडावी, भट्टीच्या वाऱ्याखाली बांधू नयेत, आणि प्रत्येक झोपडीच्या मागच्या कुडास सहज ढकलून पाडता येईल असा एक भाग ठेवावा. रात्री पुढच्या बाजूस चुलीपासून आग लागली, तर हाच भाग दार होतो.

गुरे

गोठा गंजीला लागून असण्याची जुनी चाल आहे, आणि वैरण हाताशी राहते म्हणून ती सोयीचीही आहे. निदान रात्री गुरे बांधताना गाठ अशी मारावी की, एक टोक ओढताच ती सुटेल. साखळी व कडी यांपेक्षा दावे बरे. सबंध दावणीस एकच लांब दोर ओवून त्याचे टोक दाराशी बांधल्यास तो सोडताच सर्व गुरे एकदम मोकळी होतात. दाराशी एक कोयता अडकवून ठेवावा. घाबरलेले जनावर मोकळे झाल्यावरही ओळखीच्या गोठ्याकडेच परत वळते. म्हणून गुरे बाहेर येताच गोठ्याचे दार ओढून घ्यावे. गुरे सोडण्यास माणूस केव्हा जाईल व केव्हा जाणार नाही, याची मर्यादा मात्र आधी ठरवावी : छपराने पेट घेतला असेल तर कोणीही आत जावयाचे नाही.

आग विझविणे कोणी व केव्हा

आग अगदी लहान असेल तर ती विझविणे हाच उत्तम मार्ग, यात शंका नाही. परंतु ते काम दोघांनी मिळून, पाठीशी उघडे दार ठेवून, आणि इतरांस बाहेर पाठविल्यानंतरच करावे. अग्निशामक भुकटीचे नेहमीचे नळकांडे अर्ध्या मिनिटाच्या आतच रिकामे होते. तेवढ्यात आग आटोक्यात आली नाही, तर दुसरे नळकांडे शोधीत न बसता बाहेर पडावे. वीज चालू असता मोटारीवर किंवा स्विचवर पाणी टाकू नये.

पेंढ्याच्या गंजीबद्दल एक गोष्ट विशेष सांगण्यासारखी आहे. ओलसर पेंढा रचल्यास गंजी आतून तापते, आणि बाहेरून ठिणगी न पडताही पेटते. गंजीतून वाफ निघणे, करपट-गोडसर वास येणे ही तिची लक्षणे होत. अशा वेळी काय झाले हे पाहण्यास कोणी गंजीवर चढू नये. आत जळून पोकळी झालेली असते. वरचा थर खचून माणूस थेट निखाऱ्यात जातो. गंजी उघडल्याने हवा लागून ती एकदम भडकते. म्हणून पाण्याची सोय व माणसे हाताशी असल्याखेरीज ती उघडू नये.

बंबास बोलाविणे हे आधीच नेमलेल्या एकाच माणसाचे काम असावे. १०१ किंवा ११२ या क्रमांकावर त्याने गावाचे व वाडीचे नाव, मुख्य रस्त्यावरून वळण्याची खूण, काय जळत आहे आणि आत कोणी आहे काय, एवढे सांगावे. एकाच नावाच्या वाड्या दोन्ही तालुक्यांत असल्याने तालुका सांगण्यास विसरू नये. दुसऱ्या एकाने मोटारसायकलीवरून वळणापर्यंत जाऊन उभे राहावे. हंगामात गिरणीच्या रस्त्यावर ट्रॅक्टर व बैलगाड्या आडव्या लागलेल्या असतात. त्या हलविण्याचे काम तिसऱ्याकडे द्यावे. जवळची विहीर किंवा नाला कोठे आहे व तेथवर बंब जाऊ शकतो काय, हे आधीच पाहून ठेवावे. उन्हाळ्यात पुष्कळ ठिकाणी ही माहिती बदललेली असते.

तालीम

कागदावरील योजना तालमीवाचून कुचकामी आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन या जहाजावर कापूस व स्फोटके एकत्र भरलेली असता आग लागली व प्रचंड स्फोट झाले. त्यांत मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. आपल्या भागात हाच काळ सर्वाधिक सुका असल्याने वर्षातील एक तालीम या सप्ताहात घ्यावी. दुसरी दिवाळीनंतर, नवे मजूर कामावर रुजू होताच घ्यावी. कारण हंगामागणिक माणसे बदलतात, आणि गेल्या वर्षी शिकलेले लोक या वर्षी दुसऱ्याच भट्टीवर असतात.

पहिली तालीम आधी सांगून घ्यावी. पट्टी वाजविल्यापासून शेवटचा माणूस जमण्याच्या जागी येईपर्यंत आणि मोजणी जुळेपर्यंत किती वेळ लागला, तो घड्याळाने मोजून वहीत लिहावा. दोन मिनिटांपेक्षा अधिक वेळ लागल्यास कारण शोधावे. ते बहुधा वाटेतील पोत्यांत, माळ्याच्या शिडीत किंवा म्हाताऱ्या माणसाच्या सोबतीस कोणी नसण्यात सापडते. दुसऱ्या तालमीत न सांगता पुढच्या दारात एक माणूस उभा करून "या दाराशी आग आहे" असे सांगावे. मागचे दार खरोखर उघडते की त्याची बिजागरी गंजली आहे, हे त्याच वेळी कळते. जेथे रात्री माणसे झोपतात तेथे एक तालीम अंधार पडल्यावर, दिवे मालवून घ्यावी. बहिऱ्या किंवा पांगळ्या माणसास बाहेर आणण्याची जबाबदारी एका ठराविक शेजाऱ्याची असावी, आणि तो गैरहजर असेल त्या दिवशी दुसऱ्याची. लोक प्रथम हसतील. त्यास हरकत नाही. हसत हसतही पाय वाट शिकतात.

कायद्याच्या बाजूने पाहता, महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ याने आगीपासून संरक्षणाची जबाबदारी इमारतीच्या मालकावर किंवा भोगवटादारावर टाकली आहे. लहान गिरणी किंवा खळे कायद्याच्या कोणत्या कलमात बसते याची चर्चा कार्यकर्त्याने शेतकऱ्याशी करीत बसू नये. मोठी गिरणी, शीतगृह किंवा कुक्कुटपालनाचा मोठा व्यवसाय असेल, तर मालकास अग्निशमन अधिकाऱ्याकडे पाठवावे.

योजना एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून काढावी. जागेचा साधा नकाशा, दोन्ही वाटा, जमण्याच्या दोन जागा, आणि पट्टी वाजविणारा, स्विच बंद करणारा, मोजणी करणारा, बंबास बोलाविणारा व वळणावर उभा राहणारा अशा पाच जणांची व त्यांच्या बदल्यांची नावे त्यावर असावीत. ज्यांस वाचता येत नाही त्यांच्यासाठी वाटांवर बाण रंगवावेत. या कागदाची एक प्रत दाराशी, एक पोलीस पाटलाकडे व एक ग्रामपंचायतीत द्यावी. नावे शाईने न लिहिता पेन्सिलीने लिहावीत, म्हणजे मजूर बदलताच ती खोडून नवी घालता येतात.

आग विझल्यावर त्या दिवशी व त्या रात्री कोणासही आत जाऊ देऊ नये. पेंढा व तूस दुसऱ्या दिवशीही पुन्हा पेट घेतात, आणि जळालेली तुळई आवाज न करता खाली येते. दोघांचा पहारा बसवावा, त्यांच्याजवळ पाणी असावे, आणि राखेतून सामान शोधण्यास मुलांनी येऊ नये म्हणून भोवती दोर बांधावा.